रात्रीची लघवी : पाणी तोडण्याआधी माप घ्या

गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यात रात्री लघवीला उठणे म्हणजे नुसती झोपमोड नव्हे. वैनगंगेकाठच्या या धानपट्ट्यात पावसाळ्यात मण्यार रात्रीच बाहेर पडते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. जंगलालगतच्या गावांत वाघाची धास्ती असते. अंधारात पाय घसरून म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याचे हाड मोडते ते वेगळेच. या भीतीपोटी लोक पाणी पिणेच तोडतात. माझ्या मते घात इथेच होतो. आधी कारण कळले पाहिजे, आणि त्याचा पहिला धागा मापाच्या भांड्याने घरीच हाती लागतो.

सलग तीन दिवस प्रत्येक लघवीची वेळ आणि माप लिहून ठेवावे. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीच्या हिशेबात धरावी. प्रत्येक वेळी थोडी थोडीच होत असेल तर मूत्राशय, पुरुषांत प्रोस्टेट किंवा जंतुसंसर्ग यांचा संशय घ्यावा. दिवसा बेताची आणि रात्रीची मात्र एकूण लघवीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त भरत असेल, तर पायांवरची सूज, हृदयाचा अशक्तपणा, घोरताना श्वास अडकणे किंवा लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेणे, यांकडे पाहावे. दिवसरात्र भरपूर होत असेल तर साखर तपासलीच पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक कारण विसरून चालणार नाही, ते म्हणजे सिकलसेल. या आजारात मूत्रपिंडाच्या आतल्या भागातील बारीक रक्तवाहिन्यांत कोयत्याच्या आकाराच्या पेशी अडकतात आणि लघवी घट्ट करण्याची ताकद कमी होते. मग तरुण पोरालाही रात्री वारंवार उठावे लागते. नुसत्या वाहक व्यक्तीतही हा दोष दिसू शकतो. अशा रुग्णाने पाणी तोडले तरी लघवी फारशी आटत नाही, शरीर मात्र कोरडे पडते आणि असह्य वेदनांचा झटका ओढवू शकतो. म्हणून कमी वयात हा त्रास असेल तर साखरेबरोबर सिकलसेलचीही तपासणी मागून घ्यावी.

यावर कोणी म्हणेल, वय झाले की हे चालायचेच. वयानुसार एखाद्या वेळी उठावे लागते, हे खरे. पण दोन किंवा अधिक वेळा रोजच उठावे लागत असेल तर सगळा दोष वयावर ढकलू नये. बायका तर लाजेने बोलतच नाहीत. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, पण त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तो अभ्यास लघवीचा नव्हता, पण अंगावर दुखणे काढण्याची सवय किती खोल आहे हे त्यातून कळते.

पाणी कमीच करू नये का? करावे, पण वेळ पाहून. दिवसभराची गरज दिवसा भागवून झोपेआधीचे दोन-तीन तास पाणी, चहा आणि पेज आवरती घ्यावी. सिकलसेलच्या रुग्णाने तेवढेही डॉक्टरांना विचारूनच करावे. मीठही कमी करावे. जपानमधल्या एका अभ्यासात रोजचे मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणल्यावर रात्रीचे उठणे सरासरी २.३ वेळांवरून १.४ वर आले. पाय सुजत असतील तर दुपारी तासभर ते उंचावर ठेवून पडावे. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये. निदान होईपर्यंत खाटेजवळ झाकणाचे भांडे आणि उशाशी टॉर्च ठेवावी.

लघवीत रक्त दिसले, लघवी तुंबली, ताप आला किंवा आडवे पडल्यावर दम लागू लागला, तर तीन दिवसांच्या नोंदीची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. एरवी मापाचा कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा.