आधी नळी, मग रील

चि. भाच्यास,



शेडीत कॉम्प्रेसर आणून ठेवलास, आता आपोआप गुंडाळली जाणारी नळीची रील घ्यायची आहे आणि तीन जाहिराती माझ्याकडे पाठवून कोणती घेऊ, असं विचारतोस. तिन्ही जाहिरातींत मोठ्या अक्षरांत छापली आहे ती लांबी, १५ मीटर, २० मीटर, ३० मीटर. नळी आतून किती रुंद आहे ते कुठे तरी खाली कोपऱ्यात आहे, आणि एकीत तर नाहीच. हा क्रम मनातून काढून टाक. आधी नळीचा आतला व्यास ठरव, मग गरजेपुरती, होईल तितकी कमी लांबी ठरव, आणि अशी नळी ज्या रीलवर येते ती रील शेवटी निवड. रील हे नळी ठेवण्याचं साधन आहे. अवजारापर्यंत हवा पोचते ती नळीतून, आणि पैसे तू त्या हवेसाठी मोजणार आहेस.

यामागचं कारण साधं आहे. नळीतून जाताना हवेचा दाब घटतो. ही घट लांबीच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट लांबीला दुप्पट. व्यासाचं गणित मात्र फार वेगळं आहे. व्यास कमी केला तर घट जवळजवळ त्याच्या पाचव्या घाताने वाढते. कॉम्प्रेसरच्या कामात वापरलं जाणारं नेहमीचं सूत्र घेऊन हिशेब केला, तर १५ मीटर नळीतून साधारण ७ बार दाबाची, मिनिटाला १० घनफूट हवा नेताना आतून साडेसहा मिलिमीटरच्या नळीत सव्वा बारच्या आसपास दाब जातो. ८ मिलिमीटरच्या नळीत तो अर्ध्या बारपेक्षा थोडा कमी जातो आणि १० मिलिमीटरच्या नळीत ०.१५ बार. कपलर, कोपरे आणि रीलच्या मधल्या फिरत्या सांध्यातली घट यात धरलेली नाही, ती वेगळी. बोटाने चाचपून दोन नळ्यांत फरक कळणार नाही, पण इम्पॅक्ट गनला तो पहिल्या नटावरच कळतो.

बाजारात इथे एक फसगत होते, ती नीट समजून घे. पॉलियुरेथेनची, म्हणजे सगळे ज्याला पीयू म्हणतात ती नळी दुकानात बाहेरच्या व्यासाने विकली जाते. आठची नळी दे म्हटलंस तर बाहेरून ८ आणि आतून ५ किंवा साडेपाच मिलिमीटरची नळी हातात येते. दहाची नळी आतून साडेसहाची असते आणि बाराची आठची. रबरी नळी मात्र आतल्या व्यासाने मागतात. त्यामुळे दोन रीलींवर ‘८ मि.मी.’ असा एकच आकडा असला, तरी एकीतला हवेचा मार्ग दुसरीपेक्षा इतका अरुंद असू शकतो की तेवढ्याच हवेला दहापट दाब खर्ची पडतो. म्हापशाला जाशील तेव्हा आत किती आणि बाहेर किती, असे दोन्ही आकडे विचार आणि शक्य असेल तर नळीच्या तोंडाला व्हर्नियर लावून स्वतः मोज. रीलला भिंतीच्या बाजूने जोडलेला मीटरभर तुकडाही त्याच व्यासाचा आहे का, ते बघ. पुष्कळदा लांब नळी रुंद देतात आणि तो तुकडा अरुंद ठेवतात.

लांबीबद्दल माणूस सहसा म्हणतो की जास्त असलेली बरी, लागेल तेवढीच ओढू. गुंडाळलेल्या नळीला हे लागू पडत नाही. तू दोनच मीटर नळी बाहेर ओढलीस, तरी हवेला ड्रमवरचे उरलेले सगळे वेढे पार करूनच यावं लागतं. तीस मीटरची रील घेतलीस तर समोरच्या टेबलावरच्या स्क्रूलासुद्धा हवा तीस मीटरचा प्रवास करून पोचणार. तेव्हा रील शेडीच्या मधोमध, आढ्याखाली किंवा लांब भिंतीच्या मध्यावर बसेल असं धर, तिथून सगळ्यांत दूरच्या कोपऱ्यापर्यंत फीत धरून मोज, बाहेर उभ्या केलेल्या गाडीच्या पलीकडच्या चाकापर्यंत मोज, आणि त्यात मीटर-दीड मीटर मिळव. चारचाकी साधारण चार-साडेचार मीटर लांब असते. घरच्या शेडीत हा हिशेब बहुधा १० मीटरच्या आत बसतो.

यावर तू म्हणशील की माझा कॉम्प्रेसर लहान, एका हॉर्सपॉवरचा, मिनिटाला तीन-चार घनफूट हवा देणारा. एवढ्याशा हवेला रुंद नळी कशाला? हा आक्षेप वजनदार आहे आणि तुझं काम फक्त टायरमध्ये हवा भरणं आणि धूळ उडवणं असतं तर मी तो मान्य केला असता. परंतु जोराचं काम मोटरवर चालत नाही, ते टाकीवर चालतं. ५० लिटरची टाकी ८ बारवरून ६ बारपर्यंत उतरते, तेव्हा ती १०० लिटर मोकळी हवा सोडते. अर्ध्या इंचाची इम्पॅक्ट गन सलग दाबून धरली तर मिनिटाला २० घनफुटांच्या आसपास हवा मागते, म्हणजे त्या १०० लिटरांत तुला दहा-अकरा सेकंद मिळतात. चाकाचा घट्ट नट सुटायचा असेल तर एवढ्या वेळात सुटतो. पॅकेटावर गनची भूक चार-पाच घनफूट लिहिलेली असते, ती थांबत थांबत वापराची सरासरी असते. प्रत्यक्ष झटक्याच्या वेळी अरुंद नळी हवा अडवून धरते, टाकीत दाब असूनही गन नुसती घरघरते, आणि माणूस मोठा कॉम्प्रेसर घ्यायला निघतो. त्या मानाने रुंद नळी फार स्वस्त पडते.

रुंद नळी जड असते, हे खरं. म्हणून ती कशाची आहे ते बघावं लागतं, आणि इथे बाहेरच्या देशांतल्या शिफारशी डोळे मिटून घेऊ नकोस. तिकडे पीव्हीसीच्या नळीला नावं ठेवतात ती मुख्यतः हिवाळ्यात ती काठीसारखी ताठ होते म्हणून. गोव्यात तशी थंडी नाही. इथला त्रास वेगळा आहे. पत्र्याखालच्या उन्हाळ्यात पीव्हीसी मऊ पडते, आणि रीलवर दाबून बसली की चपटी राहते. रबर वजनाला जड, फरशीवर काळे ओरखडे उठवणारं, पण उष्णतेत आणि ओढाताणीत टिकतं. दारातून येणाऱ्या उन्हापासून मात्र ते जपावं लागतं, नाहीतर वरून तडकतं. पीयू हलकं आणि घासण्याला चिवट आहे, पण त्याच्या दोन जाती आहेत. पॉलिएस्टर जातीचं पीयू उष्ण आणि दमट हवेत हळूहळू विघटित होऊन चिकट आणि ठिसूळ होतं, पॉलिईथर जातीचं बरंच टिकून राहतं. वर्षातले चार महिने भिंती घामेजलेल्या असणाऱ्या मुलखात हा फरक नळीच्या आयुष्याचा फरक आहे. पॉलिईथर असल्याचं लिहून मिळालं तर पीयू घे. नसेल तर सरळ रबर किंवा रबर आणि पीव्हीसीच्या मिश्रणाची नळी घे आणि वजन सोस.

आता पाण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे रील बिघडते आणि काम बिघडतं ते बहुतेक यामुळे. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ३० अंशांच्या हवेत एका घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, आणि पावसाळ्यात हवा त्या मर्यादेच्या जवळच असते. ती हवा दाबून आठव्या हिश्श्यात बसवली आणि पुन्हा थंड झाली की त्यातली बहुतेक वाफ पाणी होऊन खाली बसते. हिशेब केला तर तुझा लहान कॉम्प्रेसर जुलैत तासभर सलग चालला, तर दीडशे मिलिलिटरच्या घरात पाणी निघतं. काही टाकीत साचतं. हवा गरम असतानाच पुढे गेली तर उरलेलं पाणी नळीत थंड होऊन साचतं, आणि रीलच्या ड्रमवर नळीचे वेढे उभे असल्याने प्रत्येक वेढ्याच्या तळाशी ते थांबून राहतं. पुढच्या वेळी गन दाबलीस की सगळं एकदम बाहेर येतं. धूळ उडवताना त्याने फारसं बिघडत नाही. पण तू चतुर्थीच्या आधी डिचोलीच्या चित्रशाळेत एअरब्रशने मूर्ती रंगवायला मदत करतोस आणि तेच काम घरी आणायचं म्हणतोस. ते काम नेमकं आषाढ-श्रावणात, सगळ्यांत दमट दिवसांत येतं. मूर्तीच्या गालावर पाण्याचा एक थेंब उडाला की तिथला रंग फुटतो, आणि तो भाग पुन्हा सुकवून पुन्हा रंगवावा लागतो. लाकडावर पॉलिश मारतानाही तेच: फोड, खड्डे, पांढुरका डाग.

म्हणून रीलच्या आधी पाणी अडवायची सोय कर, आणि रीलच्या बजेटमधले पैसे लागले तरी त्यासाठी काढ. टाकी आणि रील यांच्यामध्ये काही मीटर धातूचा पाइप थोड्या उतारावर टाक, म्हणजे हवा तिथेच थंड होईल. त्याच्या सखल टोकाला पाणी सोडायचा कॉक दे, रीलकडे जाणारी फांदी पाइपाच्या वरच्या अंगाने घे, आणि मग वॉटर सेपरेटर आणि रेग्युलेटर बसव. दुकानदार एफआरएलचा, म्हणजे फिल्टर, रेग्युलेटर आणि लुब्रिकेटरचा पूर्ण संच देऊ करील. त्यातलं तेल सोडणारं भांडं रीलच्या आधी लावू नकोस, कारण एकदा तेल लागलेली नळी रंगकामाला कायमची निकामी झाली असं समज. इम्पॅक्ट गनला तेल तिच्याच तोंडात थेंबथेंब घाल. पाण्याच्या नळाचा पीव्हीसी पाइप दाबाच्या हवेला वापरायचा मोह बऱ्याच जणांना होतो. तो कधीही वापरू नकोस. हवेच्या दाबाने तो फुटला तर काचेसारखे तुकडे उडतात. एअरब्रशला दोन बारसुद्धा पुरतात, हवा अगदी थोडी लागते, म्हणून त्याच्यासाठी सेपरेटरनंतर फांदी काढून बारीक, कोरडी, वेगळी नळी ठेव. रीलची नळी त्या कामाला ओढूच नकोस.

बसवण्याबद्दल थोडक्यात. तुझी शेड चिऱ्याची आहे. चिरा सच्छिद्र आणि मऊ असतो, त्यात फुगणारे अँकर बोल्ट नीट धरत नाहीत. नळीसह दहा-पंधरा किलोची रील आणि वर रोजचे हिसके, यांनी ते सैल होतात. भिंतीतून आरपार बोल्ट घालून मागच्या बाजूला जाड पट्टी दे, नाहीतर काँक्रीटच्या बीमवर बसव. वाशाला टांगायची असेल तर वासा आधी तपासून घे.

आणखी एक आक्षेप मला स्वतःला सगळ्यांत पटणारा वाटतो. रीलच कशाला? भिंतीवर एक रुंद आकडा ठोक, दहा मीटर रबरी नळी हाताने गुंडाळून ठेव, खर्च जवळजवळ नाही, स्प्रिंग नाही, फिरता सांधा नाही, बिघडण्यासारखं काही नाही. तुझी शेड तीन-चार मीटरची आणि तू तिथे एकटाच असतास, तर मी हेच सांगितलं असतं. पण तुझ्याकडे संध्याकाळी पोरं जमतात, फरशीवर लाकडाचा भुसा असतो, आणि खाली पडलेली नळी एकदा पायात येते, एकदा गाडीच्या चाकाखाली येते. रील असली की काम संपल्यावर नळी आपोआप वर जाते, म्हणून ती रोज जागेवर जाते. आकड्यावर टांगायची नळी आठवड्याने फरशीवरच राहू लागते. पिवळ्या-निळ्या स्प्रिंगसारख्या नळ्या स्वस्त मिळतात, पण बहुतेक आतून अरुंद असतात आणि सतत हात मागे ओढतात. हाताने फिरवायची रील मधला मार्ग आहे आणि वाईट नाही. गरज किती वेळा आहे त्यावर ठरव. आपोआप गुंडाळणारी घेतलीस तर एक नियम पाळ. नळी सोडून देऊ नकोस, टोक हातात धरून रीलपर्यंत चालत जा. मोकळ्या सुटलेल्या टोकाला पितळी कपलर असतो आणि तो पोराच्या डोळ्याच्या उंचीवरून जातो.

राहता राहिली प्रत्यक्ष रील. पेडण्यात हरमल-मांद्र्याची खारी हवा, डिचोलीकडे खाणपट्ट्याची तांबडी धूळ, आणि दोन्हीकडे ओल. रीलमध्ये पोलादी पट्टीची स्प्रिंग, अडकवणारी खिट्टी, चार रोलरचं तोंड आणि ओ-रिंग बसवलेला फिरता सांधा असतो. प्लास्टिकच्या बंद डब्याची रील दिसायला नीटस आणि आत धूळ कमी जाते, पण आत गंज कुठवर आला ते दिसत नाही आणि बऱ्याच डब्यांत दुरुस्तीला हात घालता येत नाही. उघड्या सांगाड्याची, पावडर कोटिंग केलेली पोलादी रील मी पसंत करतो. तिचे रोलर, खिट्टी आणि सांधा बाहेरूनच दिसतात आणि पुसता येतात. नळी आत जाताना फडक्यातून जाऊ दे, म्हणजे धूळ ड्रमवर जाणार नाही. स्प्रिंगचं कवच मात्र स्वतः कधी उघडू नकोस. इंटरनेटवरून मागवलेल्या रीलींचे आटे तपास. आपल्याकडचं काम बीएसपी आट्यांचं आहे, अमेरिकी माल एनपीटी आट्यांचा येतो. पाव इंची बीएसपीला इंचाला १९ आटे, एनपीटीला १८. दोन-तीन फेरे सुरळीत जातात, मग अडकतात, आणि टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी गळती राहते.

एवढं सगळं जुळलं, आतून १० मिलिमीटर, लांबी १० मीटरच्या आसपास, आटे बीएसपी, तर दुकानदाराला शेवटचा प्रश्न विचार: या रीलची सुटी स्प्रिंग आणि सांध्याची ओ-रिंग मिळते का, आणि कुठे? उत्तर तिथल्या तिथे मिळालं तर पैसे दे. नाही मिळालं तर रील तिथेच ठेवून परत ये आणि तोवर आकड्यावर नळी टांग.

तुझा,
मामा