निरोपाची दुहेरी नोंद

परवा आमच्या तृतीय वर्षाच्या निरोप समारंभाचा फलक नोटीस बोर्डाशेजारी लागला. वरती मराठीत ‘निरोप समारंभ’, त्याखाली कन्नडमध्ये ‘बीळ्कोडुगे समारंभ’. तीन वर्षे या कॉलेजात दोन्ही भाषांतील फलक वाचत आलो, पण दोन शब्द शेजारी ठेवून पाहण्याची बुद्धी शेवटच्या महिन्यात झाली. त्यातून जे थोडेफार वाचले आणि सुचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने शब्दांच्या मागे लागावे हे काहींना विनोदी वाटेल. पण विषय शेवटी हिशेबाकडेच येतो.

प्रथम आपला ‘निरोप’. या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत : कोणाकरवी धाडलेला सांगावा आणि जाण्यासाठी दिलेली किंवा घेतलेली परवानगी. जाणारा निरोप घेतो, राहणारा निरोप देतो. कन्नडमध्येही अशीच जोडी आहे. ‘बीळ्कोडु’ यातील ‘कोडु’ म्हणजे देणे. जाणारा करतो ते ‘बीळ्कोळ्ळु’, आणि ‘कोळ्ळु’ म्हणजे घेणे. म्हणजे दोन्ही भाषांत एकट्याने निरोप होत नाही. एक देणारा लागतो, एक घेणारा लागतो. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आमच्या भागातला कन्नड माणूस ‘होगि बर्तीनि’ म्हणतो, म्हणजे जाऊन येतो. जाण्याच्या क्षणी परत येण्याची बोली करून ठेवायची, ही रीत दोन्ही घरांत सारखीच.

आता ‘स्नातक’ हा शब्द पाहू. स्नातक म्हणजे ज्याने स्नान केले आहे तो. प्राचीन काळी अध्ययन संपले की शिष्य गुरूची अनुज्ञा घेई, दक्षिणा देई, विधिपूर्वक स्नान करी आणि घरी परते. सोळा संस्कारांपैकी हा समावर्तन संस्कार. गृह्यसूत्रांत स्नातकाचे तीन प्रकार सांगितले आहेत. वेदाध्ययन पुरे केले पण ब्रह्मचर्यव्रताचा काळ पुरा केला नाही तो विद्यास्नातक. व्रताचा काळ पाळला पण अध्ययन पुरे झाले नाही तो व्रतस्नातक. दोन्ही पुरे केलेला तो विद्याव्रतस्नातक. आपल्यापैकी कोण कोणत्या प्रकारात बसतो हे हजेरीपट आणि गुणपत्रक शेजारी ठेवून ज्याने त्याने ठरवावे! मला महत्त्वाचे वाटते ते हे की, ज्याचे अध्ययन अपुरे राहिले त्यालाही जुन्या लोकांनी स्नातकांच्या यादीतून वगळले नाही. त्याच्यासाठी त्यांच्यापाशी एक नाव होते.

पदवीदान समारंभाला कन्नडमध्ये ‘घटिकोत्सव’ म्हणतात. ‘घटिका’ हे दक्षिणेतील प्राचीन विद्यास्थानाचे नाव. कांचीची घटिका त्यांत प्रसिद्ध होती. शिवमोग्गा जिल्ह्यातील ताळगुंद येथील स्तंभलेखात एक कथा आहे. मयूरशर्मा नावाचा ब्राह्मण युवक आपल्या गुरूबरोबर कांचीच्या घटिकेत अध्ययनासाठी गेला. तेथे पल्लवांच्या घोडेस्वाराशी त्याचे भांडण झाले, अपमान सहन न होऊन त्याने दर्भ टाकला आणि शस्त्र हाती घेतले. चौथ्या शतकात बनवासीच्या कदंब राजघराण्याची स्थापना करणारा तो हाच. म्हणजे ज्या घटिकेच्या नावाने आज पदव्या वाटल्या जातात, तिचा सर्वांत गाजलेला विद्यार्थी अभ्यास अर्धवट टाकून गेलेला होता.

आजचा पदवीदान समारंभ मात्र वेगळ्या वाटेने आला. काळा झगा ही युरोपातील मध्ययुगीन विद्यापीठांतील धर्मगुरूंच्या पोशाखाची आठवण. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, त्यांच्याबरोबर हे सारे आपल्याकडे रुजले. बेळगावची महाविद्यालये बरीच वर्षे १९४९ साली स्थापन झालेल्या कर्नाटक विद्यापीठाला, म्हणजे धारवाडला, जोडलेली होती. २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले आणि पदवी घरापाशी आली.

असो. आता हिशेबाकडे वळतो.

माझे वडील रविवार पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी आहेत. लाल कापडी बांधणीची लांब वही मी लहानपणापासून पाहिली आहे. पाडव्याला नवी वही पुजायची, पहिल्या पानावर ‘श्री’ काढायचा, हे मला पाठ. त्यामुळे दहावीनंतर वाणिज्य शाखा घेतली तेव्हा वाटले, हे तर घरचेच शास्त्र. पण पहिल्या दिवसापासून सगळे इंग्रजीत सुरू झाले. डेबिट म्हणजे नावे आणि क्रेडिट म्हणजे जमा, एवढे मी ताडले. परंतु देशी वहीत व्यक्तीच्या खात्याची जमा बाजू डावीकडे असते आणि नावे बाजू उजवीकडे. पुस्तकात नेमके उलट! पहिल्या चाचणीत मी सगळी खाती वडिलांच्या वहीप्रमाणे लिहिली आणि वीसपैकी तीन गुण मिळवले.

तेव्हा शेजारच्या बाकावर बैलहोंगलकडचा एक कन्नड माध्यमाचा मुलगा होता. माझा पेपर पाहून तो हसला नाही. मधल्या सुट्टीत थोडे कन्नड, थोडे मोडके मराठी, थोडे इंग्रजी असे मिसळून त्याने मला आरशाची युक्ती सांगितली : तुझ्या बाबांची वही आरशात धर, कॉलेजची वही दिसेल. त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षे काढली. पुढे पदवीच्या वर्गातही आम्ही एकाच बाकावर बसलो. तो मात्र चौथ्या सत्रानंतर परत आला नाही. वडिलांना अर्धांगवायू झाला, घरचा ऊस त्याच्या अंगावर पडला. तो गेला त्या दिवशी मला ठाऊकही नव्हते. आम्ही एकमेकांचा निरोप ना घेतला, ना दिला.

इटलीच्या लुका पाचिओलीने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात तेथील व्यापाऱ्यांची दुहेरी नोंद पद्धती मांडली. तिचे सूत्र आपण सारे घोकतो : घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याचे जमा. एकही व्यवहार एका बाजूने लिहून भागत नाही. हे सूत्र लावून मी माझी तेरीज मांडून पाहिली. शिकवणाऱ्या गुरुजनांचे जमा, माझ्या नावे. फी भरणाऱ्या वडिलांचे जमा, माझ्या नावे. आरशाची युक्ती सांगणाऱ्या मित्राचे जमा, माझ्या नावे. तेरीज जुळते, कारण नियमाने ती जुळायलाच हवी. पण ताळेबंद मांडला की दिसते, पदवी मालमत्तेच्या बाजूला आणि तिच्यासमोर केवढे तरी देणे. आम्ही ऋणको, हे सारे धनको.

हिशेबाची वर्षअखेर म्हणजे दुकान बंद होणे नव्हे. शिल्लक पुढच्या पानावर नेली जाते. आजची अखेरची शिल्लक हीच उद्याची आरंभीची शिल्लक. विद्यार्थिदशेच्या अखेरीचेही मी तसेच समजतो. देणे बुडीत काढायचे नाही, पुढे न्यायचे.

गेल्या रविवारी पाचव्या आणि सहाव्या सत्राच्या माझ्या वह्या बांधून मी बस पकडली. तो उसाला पाणी देत होता. वह्या पाहून म्हणाला, “आत बिडु, आता कुठली परीक्षा!” जाऊ दे, झाले ते झाले, असे त्याचे म्हणणे. मी वाद घातला नाही. वह्या त्याच्या कट्ट्यावर ठेवल्या आणि त्याच्या आईच्या हातची भाकरी खाऊन उठलो. म्हणजे नावे बाजू आणखी वाढलीच! निघताना मी कन्नडमध्ये “होगि बर्तीनि” म्हटले. तो मराठीत म्हणाला, “ये.”

गुरुजनांना एकच विनंती. निरोप समारंभात पदवी घेणाऱ्यांची नावे वाचाल, तेव्हा आमच्याबरोबर आत आले आणि आमच्याआधी बाहेर पडले त्यांचीही वाचावीत. व्रतस्नातक हा शब्द त्यांच्यासाठी जुन्यांनी तयार करून ठेवला आहेच.

माझ्या पानांनंतर काही पानांनी या अंकाचा कन्नड विभाग सुरू होतो. हाच लेख मी तेथेही कन्नडमध्ये देणार होतो, पण माझे कन्नड बोलण्यापुरते. तो मजकूर तपासून द्यायचे माझ्या मित्राने कबूल केले आहे. पुढच्या अंकात येईल. तोवर, येतो.

— बी. कॉम., तृतीय वर्ष