आधी वाच, मग लिही

पोरी, साताऱ्यात तुला विंडोजसाठी प्रोग्रॅम लिहायची नोकरी लागली हे ऐकल्यापासून एक गोष्ट तुझ्या कानावर घालायची आहे. फाइलचे अ‍ॅट्रिब्यूट बदलणं हे एका ओळीचं काम दिसतं. त्या एका ओळीनं मला चांगलाच धडा दिला.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाचा हिशेब मी संगणकावर बसवून दिला होता. दिवसाचे सौदे संपले की त्या दिवसाच्या फाइलला कुणाचा हात लागू नये म्हणून ती रीड-ओन्ली करायची. मी ‘सेटफाइलअ‍ॅट्रिब्यूट्स’ला नुसता 1 दिला. फाइलवर आधीपासून 32 होता, म्हणजे आर्काइव्हची खूण. हे फंक्शन जुन्यात भर घालत नाही, जुनं पुसून नवं लिहितं. 32 गेला. रात्रीचा बॅकअप एक्सकॉपीच्या ‘/एम’वर चालायचा आणि तो आर्काइव्हची खूण असलेल्याच फाइली उचलतो. ऐन हंगामात हार्ड डिस्क गेली, तेव्हा बंद केलेल्या दिवसांची एकही फाइल बॅकअपमध्ये नव्हती. दिवाणजींनी चार रात्री जागून कच्च्या चिठ्ठ्यांवरून कीर्द पुन्हा उभी केली. हळदीनं पिवळी पडलेली त्यांची बोटं एकेक चिठ्ठी सरळ करताना पाहिली आणि मी कानाला खडा लावला.

म्हणून आधी ‘गेटफाइलअ‍ॅट्रिब्यूट्स’नं आहे ते वाच. वाचलेलंही तपास. फाइल सापडली नाही तर ते सगळे बिट चढवलेला आकडा देतं. तो तसाच वापरलास तर नसलेली फाइल तुला रीड-ओन्लीही दिसेल आणि लपलेलीही.

खुणांची बेरीज करू नकोस. रीड-ओन्ली 1, हिडन 2, सिस्टीम 4, आर्काइव्ह 32. फाइल आधीच 33 असेल आणि तू आणखी 1 मिळवलास, तर होतात 34. रीड-ओन्ली निघून जातं आणि फाइल डोळ्यांआड होते! खूण चढवायची ती ‘ऑर’नं, उतरवायची ती बिट उलटे करून ‘अँड’नं. नॉर्मलचा 128 मात्र एकटाच द्यायचा, दुसऱ्या खुणेबरोबर त्याला किंमत नाही.

आपल्याकडे लोक फाइलला ‘हळद सौदे’ असं मराठीत नाव देतात. तेव्हा नावाच्या शेवटी ‘डब्ल्यू’ असलेलं फंक्शन वापर. ‘ए’वाल्यात देवनागरीची सहसा प्रश्नचिन्हं होतात आणि फाइल सापडत नाही.

रीड-ओन्लीला कुलूप समजू नकोस. ती दारावरची पाटी आहे. फोल्डरवर लावलीस तरी आत नवी फाइल खुशाल बनते. खरं कुलूप परवानग्यांचं, ते निराळं.

रीड-ओन्ली फाइलमध्ये स्वतःला लिहायचं असेल तर खूण उतरव, काम कर आणि होती तशी परत चढव. काम मध्येच फसलं तरी परत चढवायला चुकू नकोस. बदलणाऱ्या फंक्शननं 0 दिला तर दुसरं काही करायच्या आत ‘गेटलास्टएरर’ला विचार. 5 आला तर समज, परवानगी नाही.

आणि कुणी रिकामा दिसणारा पेनड्राइव्ह घेऊन रडवेला आला, तर फॉरमॅट करायची घाई करू देऊ नकोस. व्हायरस पुष्कळदा फोल्डरवर हिडन आणि सिस्टीम या दोन खुणा चढवतो, माल आतच असतो. ‘अ‍ॅट्रिब’ कमांडला ‘-एच’ आणि ‘-एस’ दोन्ही एकदम दे. हिडन एकटं उतरत नाही.

सांगलीला आलीस की तो जुना प्रोग्रॅम उघडून दाखवतो. चुकलेली ओळ मी पुसलेली नाही, शेरा करून तशीच ठेवली आहे. तिच्यावर आता वाचायची ओळ आहे, खाली बदलायची, आणि त्याखाली बदल झाला का ते पुन्हा वाचायची. तू या तीन ओळींपासूनच सुरुवात कर.