वाकडे दात आणि पारदर्शक खोळ

आमच्या भावाची मुलगी तालुक्याच्या गावी नोकरी करते. तिचे पुढचे दात लहानपणापासून एकावर एक चढलेले. हसताना ती तोंडावर हात धरी. पगार सुरू झाला तशी तिने पैसे साठवले आणि दातांच्या डॉक्टरांकडे गेली. घरी आली ती एक डबी घेऊन.

आजीने डबी उघडली. म्हणाली, "अगं बाई, ही तर कवळी! एवढ्या तरुणपणी?"

"कवळी नव्हे, आजी. हिला अलाइनर म्हणतात. उशीला खोळ घालतो ना, तशी ही दातांची खोळ."

आम्हीही ती हातात घेऊन पाहिली. पातळ, काचेसारखी आरपार दिसणारी. दातांवर बसवली की चटकन ओळखूही येत नाही. एवढीशी ही वस्तू दात कशी सरकवणार?

दात हाडात खुंटीसारखा ठोकलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो. दातावर एका बाजूने हलका दाब सतत राहिला, की ज्या बाजूला दात रेटला जातो तिथले हाड हळूहळू विरते. मागे नवे हाड भरत येते. असा दात जागा बदलतो. हिरड्या आणि हाड निरोगी असले, तर मोठ्या माणसाचेही दात असे सरकतात.

डॉक्टर तोंडाचे माप घेतात. कोणता दात कधी, किती सरकवायचा ते संगणकावर ठरवतात. त्या बेताप्रमाणे एकामागून एक खोळी तयार होतात. कुणाला दहा-पंधरा पुरतात, कुणाला त्याहून पुष्कळ लागतात. एका खोळीने दात साधारण पाव मिलिमीटर सरकतो. वहीची तीन पाने एकावर एक ठेवा. जवळजवळ तेवढेच! एक खोळ आठवडा-दोन आठवडे वापरायची, मग पुढची घालायची. काही दातांवर डॉक्टर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवतात. खोळीला दात धरायला त्यांचा आधार होतो.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. खोळ काढता येते, हा तिचा गुण. आणि तोच तिचा दोष.

दिवसाचे तास २४. त्यांपैकी २० ते २२ तास खोळ दातांवर हवी. हिशेब करून पाहा. न्याहारी २० मिनिटे. दोन वेळचे जेवण १ तास. दोन वेळचा चहा २० मिनिटे. दात घासणे २० मिनिटे. झाले की २ तास! गप्पा मारत सुपारी कातरायला वेळ उरतो कुठे?

आमच्या मुलीचे पहिले दोन महिने नीट गेले. मग लग्नसराई आली. ज्या घरी जावे तिथे चहा पुढे. नाही म्हणावे तर पाहुणे रागावणार. खोळ काढायची, रुमालात बांधायची आणि घालायला विसरायचे. एका पंगतीत तिने ती कागदात गुंडाळून पत्रावळीशेजारी ठेवली. वाढप्याने पत्रावळीबरोबर कागदही उचलला. खोळ उकिरड्यावर गेली.

तिने काय केले? कुणाला न विचारता पुढची खोळ घातली. ती नीट बसेना. दाताच्या टोकाशी फट दिसू लागली. दात फार दुखू लागले. तेव्हा डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "रोज किती तास घालता?"

ती म्हणाली, "बारा-तेरा तास असेल."

दात मागे राहिले होते आणि खोळी पुढे गेल्या होत्या. पुन्हा माप घ्यावे लागले. नव्या खोळी आल्या. चार महिने वाढले आणि वरचा खर्चही तिलाच सोसावा लागला. ती बिचारी रडली. आम्हीही त्या लग्नांत तिला चहाचा आग्रह केला होता, हे आम्हाला आठवले.

खोळ हरवली तर आधीची खोळ घालावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. म्हणून आधीची लगेच फेकू नये. बाहेर काढली की डबीतच ठेवावी. डबी पिशवीत हवीच.

खोळ घालून साधे, गार पाणी तेवढे प्यावे. चहाने ती पिवळी पडते. गोड चहा आत अडकला तर दात किडतात. धुवायची तीही गार पाण्याने. कढत पाण्याने तिचा आकार बिघडतो, मग ती बसत नाही. खाऊन झाले की दात घासून किंवा निदान खळखळून चूळ भरून खोळ घालावी. तंबाखू आणि मिश्री मात्र सुटलीच पाहिजे. हिरड्या सुजलेल्या असतील, दात हलत असतील, तर आधी त्यांवर उपाय, मग दात सरकवणे. आजारी हाडावर दाब दिला तर दात हातचा जायचा.

घरबसल्या माप घ्या, टपालाने खोळी मागवा, अशा जाहिराती येतात. अमेरिकेत स्माइल डायरेक्ट क्लब नावाची कंपनी अशाच खोळी विकत असे. डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद पडली. कितीएक गिऱ्हाइकांचे दात अर्ध्या वाटेवर राहिले. ज्या डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिले, एक्स-रे काढला, त्यांच्याच हातून हे काम करून घ्यावे.

खोळीला पैसा बराच लागतो. तेवढा नसेल तर तारेनेही दात सरळ होतात. पुष्कळ वेळा तारच बरी, कारण ती काढून ठेवता येत नाही! मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. तिथे खाजगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात हे काम होते.

दात सरळ झाले म्हणजे काम संपले, असेही नाही. दात जुन्या जागेकडे सरकू पाहतात. वाकडे रोप काठीला बांधून सरळ केले, तरी बुंधा धरेपर्यंत आपण काठी काढत नाही. तशी शेवटी एक वेगळी खोळ मिळते. ती आधी दिवसरात्र, मग डॉक्टर सांगतील तितकी वर्षे रात्री घालायची.

आमच्या मुलीचे दात आता ओळीत आहेत. डबी तिच्या उशाशी असते. रात्री दिवा मालवण्याआधी आजीच विचारते, "खोळ घातलीस का गं?"