चाचणीसाठी नमुना माहिती

नवा रंग आला की आम्ही सबंध तागा कढईत टाकत नाही, आधी चिंधी बुडवून पाहतो. दुकानाच्या वेब ॲप्लिकेशनचेही तसेच. प्रोग्रामरने काही बदल केला की संगणक आपोआप बिले करून उत्तरे ताडून पाहतो. त्यासाठी जी खोटी गिऱ्हाइके, खोटा माल आणि खोटी उधारी भरून ठेवतात, ती नमुना माहिती.

आम्ही पहिल्या वेळी आळसाने खऱ्या खातेवहीचीच नक्कल दिली. चाचणी चालली आणि येणे बाकीचे निरोप खऱ्या गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर गेले. ज्यांनी आदल्याच जुम्म्याला हिशेब बेबाक केला होता, त्यांनाही! आठवडाभर दारोदार माफी मागितली. एका जुन्या घराण्याचा माल घेणे तेव्हापासून बंद आहे. आता चाचणीत खरे नाव नाही, खरा नंबर नाही. ईमेलच्या पत्त्यासाठी 'डॉट टेस्ट' हा शेवट १९९९ पासून चाचणीसाठीच राखून ठेवलेला आहे, तो वापरावा.

नमुना थोडा असावा, पण अडचणीच्या जागचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणून एक कुर्ता २५०० चा ठेवा, कर १२५ रुपये. दुसरा २५०१ चा, कर ४५० रुपये १८ पैसे. मग ७०० चे चार नग एका बिलात घाला. बेरीज २८०० होते, पण दर नगावर ठरतो, म्हणून कर १४० रुपयेच आला पाहिजे. आमचा प्रोग्राम इथेच फसला होता. ही उत्तरे व्यापारी बंधूंनी स्वतः कागदावर काढून द्यावीत. प्रोग्रामचेच उत्तर बरोबर धरले तर परीक्षा कसली? आडनाव नसलेले एक गिऱ्हाईकही घाला. आपल्यात अशी माणसे पुष्कळ, आणि फॉर्म त्यांना अडवतो.

एका चाचणीचा माल दुसरीत मिसळू देऊ नये. रेल्स आणि जँगो या चौकटींत चाचणी संपताच तिने केलेल्या नोंदी मागे घेण्याची सोय आहे. ती चालू आहे ना, हे विचारून घ्या. तारीखही 'आज' अशी न ठेवता ठरवून लिहावी. नाहीतर ३१ मार्चला पास झालेली चाचणी १ एप्रिलला नव्या वर्षाच्या बिल क्रमांकावर नापास होते, आणि प्रोग्रामर बिचारा नसलेली चूक शोधत बसतो.