मानेच्या मणक्याची शस्त्रक्रिया आणि गिळण्याचा त्रास

मानेच्या मणक्यातील चकती सरकून मज्जारज्जूवर किंवा नसांवर दाब आला, की हातांना मुंग्या येणे, बोटांतील शक्ती कमी होणे, चालताना तोल जाणे अशी लक्षणे दिसू लागतात. औषधोपचारांनी गुण न आल्यास पुष्कळदा मानेच्या पुढील बाजूने शस्त्रक्रिया केली जाते. या पद्धतीत मणक्यापर्यंत पोहोचण्यासाठी श्वासनलिका व अन्ननलिका बाजूस सारून धराव्या लागतात. त्यामुळे आतून सूज येते, क्वचित स्वरयंत्राच्या नसेस ताण बसून आवाज बसतो आणि घास घशात अडकल्यासारखा वाटतो. उतारवयात किंवा अनेक मणक्यांवर काम झाल्यास ही शक्यता वाढते.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर एक महिन्याने सुमारे ५० टक्के, तर सहा महिन्यांनी सुमारे १८ टक्के रुग्णांना हा त्रास होत असल्याचे आढळले. बहुतेकांचा त्रास सौम्य असतो व कालांतराने ओसरतो. तथापि, तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आमच्या येथे शस्त्रक्रिया झालेल्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या हातांत बळ परत आले. परंतु टाके काढण्यास आले तेव्हा ते फार खंगलेले दिसले. "घास उतरत नव्हता, म्हणून चहावरच होतो. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर असे व्हायचेच, असे वाटले," असे ते म्हणाले. यात दोष आमचा होता. घरी पाठविताना जखम, औषधे आणि बिल यांविषयी आम्ही सर्व काही सांगितले. जेवता येते का, हे मात्र विचारले नाही.

तेव्हापासून संमतिपत्रात या त्रासाचा उल्लेख सोप्या मराठीत केला जातो. घरी पाठविण्यापूर्वी परिचारिका रुग्णास ताठ बसवून आपल्यासमोर पाणी व मऊ भात घ्यावयास सांगतात. ठसका लागल्यास डॉक्टरांना तत्काळ कळविले जाते. कारण अन्न श्वासमार्गात गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. घरीही ताठ बसून, लहान घास घेऊन, सावकाश जेवावे. मानेची सूज वाढू लागल्यास किंवा श्वास घेण्यास त्रास झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

रुग्णांनी व नातेवाइकांनी ही तक्रार किरकोळ समजून मनात ठेवू नये, अशी आमची नम्र विनंती आहे.