कांद्याची पत्ती

पोरी, राहुरीच्या विद्यापीठातून तू कांद्यातल्या 'क्वेर्सेटिन' नावाच्या द्रव्याबद्दल शिकून आलीस. ते नाव माझ्या तोंडात बसायला दोन दिवस लागले. पण घोडेगावच्या बाजारात व्यापारी कांदा उचलून तळहातावर चोळतो आणि पत्ती टिकली तरच भाव बोलतो, तेव्हा तो बघतो काय? तुझं क्वेर्सेटिन त्या पत्तीतच सगळ्यात जास्त.

म्हणून पत्ती राखायची. उन्हाळी कांद्याचं पाणी काढणीआधी पंधरा दिवस तोड. निम्म्या माना पडल्या की उपट. वाफ्यात असा पसर, की एका ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर येईल. ऊन पातीला, सावली कांद्याला. पात वाळली की पेरभर मान ठेवून काप. पार बुडाशी कापलीस तर तिथूनच सड शिरते. मग काही दिवस सावलीत सुकू दे, आणि जोडकांदे, डेंगळे बाजूला काढूनच चाळ भर.

पांढरा कांदा मात्र चाळीत घालू नकोस. तुझ्या आजोबांनी एका साली हट्टानं घातला. श्रावणात चाळीखालून पाणी गळायला लागलं. त्या साली पाऊसही फार होता म्हणा. पण 1929 च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं होतं, की रंगीत कांद्याच्या वाळक्या पत्तीतून ओलीबरोबर उतरणारी द्रव्यं काळ्या डागांच्या बुरशीला रुजू देत नाहीत. पांढऱ्याच्या पत्तीत ती नसतात.

स्वयंपाकात एवढंच कर: वाळकं तेवढंच सोल. घाईत वरचा जाड मांसल पापुद्राही ओढून टाकतेस, अन् तोच आतल्या गाभ्यापेक्षा कसदार. शिजवलं म्हणून क्वेर्सेटिन फार जात नाही. उकळलं तर पाण्यात उतरतं, तेव्हा ते पाणी रश्श्यात घाल. त्याच्या महागड्या गोळ्या विकणाऱ्यांच्या नादी लागू नकोस.

टरफलं पिशवीत साठव. तुरटीच्या पाण्यात भिजवलेलं सुती फडकं टरफलांच्या काढ्यात अर्धा तास उकळलं की सोनेरी पिवळं निघतं. भांडं स्टीलचं घे. मी एकदा लोखंडी कढई घेतली. आजोबांचा पंचा शेवाळासारखा काळपट हिरवा निघाला. तोच डोक्याला गुंडाळून ते बाजाराला गेले.